केस कापले, नवरा रुसला

रानजाई (धागाकर्ती)

गेल्या शनिवारी कमरेपर्यंतची वेणी खांद्यावर आणली. १४ इंच गेले. अंदाजाने नाही सांगत, पार्लरवालीने टेप लावून दाखवले.

वय ४१, लग्नाला १५ वर्षं, दोन मुलं, रोज स्कूटरवरून हिंजवडी. ज्यांनी लांब केसांवर हेल्मेट घातलंय त्यांना पुढचं सांगायला नको. बुचडा घातला तर हेल्मेट बसत नाही, वेणी सोडली तर ती वाऱ्यावर, म्हणून जॅकेटच्या आत खुपसायची. ऑफिसात पोचेपर्यंत पाठीवर घामाची ओली दोरी. शनिवारी रात्री तेल, रविवारी न्हाणं, पंचा बांधून तासभर वावरायचं, मग पंख्याखाली उशीवर केस पसरून पडायचं. पावसाळ्यात तर संध्याकाळपर्यंत मुळं ओलीच. निम्मा रविवार केसांचा, उरलेला घराचा.

घरी आले. नवऱ्याने दार उघडलं, बघितलं, "अरे," म्हणाला. बास. जेवताना आमटीत मीठ कमी असल्याचं निघालं. (नव्हतं. मुलांनी वाटीभर जास्तच प्यायली.) पुढचे चार दिवस कामापुरतं बोलणं. पाचव्या दिवशी म्हणाला, "विचारायचं तरी होतंस."

मी म्हटलं, तू मिशी काढलीस तेव्हा मला विचारलं होतंस? तर म्हणे, "मिशी वेगळी." वेगळी कशी ते काही सांगितलं नाही.

माणूस वाईट नाही. भांडी घासतो, मुलांचा अभ्यास घेतो, माझ्या नोकरीबद्दल कधी एक शब्द नाही. पण २०१० साली बघायला आले तेव्हा त्याच्या मावशीने मागून येऊन माझी वेणी हलकेच ओढून पाहिली होती. "गंगावन नाही ना गं?" सगळे हसले, मीही हसले. तो अजून सांगतो की पहिल्यांदा त्याला माझी वेणीच दिसली. मला ते ऐकायला आवडायचंही, खोटं कशाला बोलू.

त्याला लांब केस आवडतात, मान्य. पण त्या आवडीपायी मी किती वर्षं ते वागवायचे? तुमच्याकडे काय चालतं? नवऱ्यांनीही लिहा.

तिरकस

मिशी वेगळीच. मिशी पंधरा दिवसांत परत येते. डोक्यावरचे केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटर वाढतात. १४ इंच म्हणजे ३५ सेंटिमीटर धरा. एवढे परत यायला अडीच ते तीन वर्षं. तोवर रुसवा टिकवायचा तर यजमानांना खुराक वाढवावा लागेल. आमटीत मीठ घाला जरा.

कात्री

सांगलीत पार्लर आहे माझं, १९ वर्षं झाली. या विषयावर मी रात्रभर बोलू शकते.

खुर्चीत बसल्यावर दहातल्या सहाजणी तरी म्हणतात, "दोनच इंच हं, जास्त नको, घरी चालत नाही." आरशात स्वतःकडे बघत नाहीत, माझ्या हातातल्या कात्रीकडे बघतात. काही जणी आधी फोटो काढून नवऱ्याला पाठवतात आणि उत्तराची वाट बघत बसतात. माझी पुढची गिऱ्हाइकं खोळंबतात, पण आता सवय झालीये, तेवढ्यात आयब्रो करून घेते.

आणि एक गंमत. एकदा का कापायचं ठरवलं की बाई स्वतःहून कारण तयार करते. "घरी सांगेन केस गळत होते म्हणून." "डॉक्टरांनी सांगितलं म्हणून." एकीने तर मला सांगितलं, घरून फोन आला तर म्हण की चुकून जास्त कापले गेले. म्हटलं बाई, माझं दुकान बंद पाडशील.

"मला कापावेसे वाटले म्हणून कापले" असं घरी जाऊन सांगणारी क्वचित. रानजाई, तुम्ही कारण न देता गेलात, त्याचाच धक्का जास्त बसला असणार.

शून्यप्रहर

भावना बाजूला ठेवून बघू. लांब केस आवडण्याला उत्क्रांतीचं कारण असू शकतं असं मानणारे संशोधक आहेत. केस ही शरीराने ठेवलेली रोजनिशी असते. वर्ष-दोन वर्षांपूर्वी मोठा आजार किंवा उपासमार झाली असेल तर त्याची खूण केसात राहते. त्यामुळे लांब, चमकदार केस म्हणजे गेली काही वर्षं तब्येत बरी आहे, असा तर्क. हंगेरीत मेस्को आणि बेरेत्स्केई यांनी २००४ मध्ये स्त्रियांच्या चेहऱ्यांच्या फोटोंवर वेगवेगळ्या केशरचना बसवून पुरुषांना गुण द्यायला लावले होते. त्यात मध्यम आणि लांब केसांनीच गुण वाढले. अमेरिकेतल्या २००१ सालच्या एका पाहणीत तरुण बायकांचे केस वयाने मोठ्या बायकांपेक्षा लांब आढळले होते. तेव्हा नवऱ्याचा अगदीच दोष नाही.

तिरकस

त्या फोटोंमधले केस धुतले कोणी?

शून्यप्रहर

हा काही प्रतिवाद नाही.

तिरकस

आहे की. फोटोवर चिकटवलेल्या केसांना तेल लागत नाही, जाळीत अडकत नाहीत, हेल्मेटखाली घामेजत नाहीत. आयते केस सगळ्यांनाच आवडतात. मलाही हापूस आवडतो, झाडावर चढायचं असेल तर विचार करीन.

आणि वयाने मोठ्या बायकांचे केस आखूड का, याचं उत्तर धाग्याच्या पहिल्याच पोस्टमध्ये आहे: दोन मुलं आणि स्कूटर.

माऊची_आई

त्यात बाळंतपण मिळवा. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गळायला लागतात तेव्हा वाटतं आता टक्कलच पडणार. गरोदरपणात जे गळायचे थांबलेले असतात ते सगळे एकदम हिशेब चुकते करतात. येतात परत, पण कपाळावर ते उभे राहणारे बारके केस! मी तेव्हा मानेपर्यंत कापले आणि आजवर वाढवले नाहीत. नवऱ्याला बहुतेक दोन आठवड्यांनी कळलं.

स्पष्टच_बोलतो

सगळा धागा एकाच बाजूने चाललाय. बायकांच्या आवडीनिवडी नसतात का? विवाहमंडळात नाव नोंदवून बघा. पाच फूट आठ इंचांच्या खाली असाल तर फोन येत नाहीत. मला ३१ व्या वर्षी टक्कल पडायला लागलं, त्यानंतरची चार स्थळं मुलीकडून "पत्रिका जुळत नाही" म्हणून परत आली. पत्रिका त्यांनी घेतलीच नव्हती. पुरुषाने लांब केस आवडतात म्हटलं की तो मागासलेला, आणि मुलीने "भरघोस केस असावेत" म्हटलं की तो तिचा चॉइस.

रानजाई

हे पटलं. खरंच. नकाराचं असं कारण तोंडावर सांगतही नाहीत, ते जास्त वाईट. पण एक सांगते. तुमचं टक्कल बघून नकार देणारी मुलगी निघून गेली. ती घरात राहून, रोज समोर बसून, "केस वाढव" म्हणत नाही. मला लग्नाआधीच्या आवडीबद्दल विचारायचं नव्हतंच, पंधरा वर्षांनंतरच्या आवडीबद्दल विचारायचं होतं.

स्पष्टच_बोलतो

ठीक. पाचव्या स्थळाशी लग्न झालं, ती म्हणते टकलावर हात फिरवायला बरं वाटतं. विषय संपला.

खडूस_काका

वय ७४. नातीने हा धागा दाखवला. थोडं जुनं सांगतो, कंटाळा आला तर पुढे जा.

आमच्या घरी वडिलांची आत्या होती. बाराव्या वर्षी विधवा झाली आणि केशवपन झालं. मी पाहिली तेव्हा ती पन्नाशीत असेल. लाल आलवण, डोक्यावरून पदर. दर पंधरवड्याला न्हावी परसदारी यायचा. आम्हा मुलांना तेव्हा पुढच्या अंगणात पिटाळत. मी एकदा कुडाच्या फटीतून पाहिलं. पाटावर पाठमोरी बसली होती, मान खाली. न्हावीही बोलत नव्हता. वस्तऱ्याचा खरखर आवाज तेवढा.

आणि घरातल्या सगळ्या मुलींच्या वेण्या तीच घालायची! तिपेडी, पाचपेडी, सणाला खोपा. तिच्या हातची वेणी शाळेतून येईपर्यंत सैल होत नसे. फणी फिरवताना गुणगुणायची. आईने एकदा म्हटलं, "आत्याबाई, किती वेळ लावता." तर म्हणाली, "लावू दे गं, हाताला बरं वाटतं."

१८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांचे केस कापणार नाही म्हणून संप केला होता, त्यामागे जोतीरावांची शिकवण होती. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं. हे सगळं होऊन गेल्यावर आमची आत्या जन्मली, तरी तिच्यापर्यंत यातलं काही पोचलं नाही.

तुमच्या वादात माझं म्हणणं एवढंच. नवरा असेपर्यंत केस, तो गेला की केसही गेले, असा तो हिशेब होता. म्हणजे डोकं बाईचं आणि केस नवऱ्याचे. "मला विचारायचं तरी होतंस" या वाक्याला तो जुना वास येतो. तुमच्या यजमानांना तो येत नसेल, त्यांचा दोष नाही. घरातल्या घरात नाक मरतं.

आणखी एक. साठच्या दशकात साधना कट निघाला. माझ्या थोरल्या बहिणीने मैत्रिणीकडून कपाळावर बटा कापून घेतल्या. वडील महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. तेव्हा रुसणं हे नवऱ्यांनीच शोधलेलं नाही.

माऊची_आई

काका, "हाताला बरं वाटतं" वाचून इथेच थांबलेय.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या इकडचं सांगतो, मी खामगावचा. डिसेंबर २०२४ संपता संपता शेजारच्या शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकायचे केस एकदम हातात यायला लागले. आधी डोक्याला खाज, मग तीन-चार दिवसांत टक्कल. बाया, पोट्टे, म्हातारे, सगळ्यांना. तपासायला दिल्लीहून पथकं आली, टीव्हीवाले आले. विंचूदंशावर काम करणाऱ्या महाडच्या डॉ. बावस्करांनी गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं.

तेव्हा टक्कल सगळ्यांनाच पडलं, पण ठरलेली लग्नं मोडल्याच्या बातम्या आल्या तेव्हा बोलणं पोरींचंच निघालं. पोरं टोपी घालून पारावर बसत होती, गमती करत होती. पोरी घराबाहेर निघेनात, कॉलेज सुटलं. मी माझ्या मामेबहिणीला फोन केला, ती म्हणे, "दादा, केस येतील बाप्पा, पण ते लोक आता येत नाहीत." पुढं केस आलेही.

कमरेपर्यंत आवडतात का खांद्यापर्यंत, हे बोलणं मले त्यानंतर जरा लाडाचंच वाटते. राग नसावा.

रानजाई

राग नाही. लाडाचंच आहे, खरंय.

सुरंगी

आता माझी उलटी तक्रार. माझे केस मांडीपर्यंत आहेत. वय ३६. नवऱ्याला काही पडलेली नाही, आखूड केले तरी चालतील म्हणतो. मला आवडतात. पण भेटणारी प्रत्येक बाई म्हणते, "कसं सांभाळतेस गं? कापून का टाकत नाहीस? सासरी चालत नाही का?" म्हणजे मी लांब ठेवले तर ते नक्की कुणाच्या तरी धाकाने!

आमच्याकडे शिरोडा-वेंगुर्ला बाजूला फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरंगी येते. पहाटे कळ्या काढून वळेसर करतात. तो माळून एसटीत बसलं की अख्ख्या गाडीला वास. खांद्यापर्यंतच्या केसांत तो वळेसर नुसता लोंबतो, आंबाड्याभोवती गुंडाळला की बसतो. मी त्या दीड महिन्यासाठी वर्षभर केस वागवते म्हटलंत तरी चालेल. तेल घरचं, माका आणि जास्वंदीचं. न्हायला शिकेकाई, रिठा, थोडा नागरमोथा. रविवार जातो, जाऊ दे. लोक क्रिकेट बघतात.

कात्री

सुरंगी, तुमच्यासारखी एक गिऱ्हाईक आहे. दर तीन महिन्यांनी येते, अर्धा इंच टोकं काढते, आरशात बघून स्वतःशीच हसते आणि जाते. कापा असं मी तिला कधी सुचवलेलं नाही. धंद्याच्या विरुद्ध आहे, पण काय करणार.

दोघीजणी

माझी जोडीदार बाई आहे. तिचे केस मुलासारखे बारीक, माझे लांब. त्यामुळे ओळखीच्यांनी परस्पर ठरवून टाकलंय की घरातला "नवरा" ती. गॅस सिलेंडर आला की तिलाच हाक मारतात. प्रत्यक्षात ती पालीला घाबरते आणि फ्यूज मी बदलते.

तिला माझे केस आवडतात. आवडतात म्हणून ती ते विंचरते, रोज. कापले तर ती रुसेल का? थोडी रुसेल. पण रुसताना तिला तेवढा अधिकार आहे असं मला वाटतं, कारण निम्मी मेहनत तिची आहे.

डावखुरा

इतके दिवस नुसता वाचत होतो, वरचा प्रतिसाद वाचून लिहितोय.

तीन वर्षांपूर्वी बायकोचं उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. केस कमरेच्या खाली. पहिल्या दिवशी मी वेणी घालायला बसलो, पंधरा मिनिटांत दोघंही रडकुंडीला. मला वाटायचं वरून विंचरायचं. ती ओरडली, "खालून! आधी टोकं सोडव!" मग कळलं की एका हाताने मुळाशी केस घट्ट धरायचे, म्हणजे गुंता ओढला तरी डोक्याला कळत नाही. बारा वर्षं शेजारी झोपून हे मला माहीत नव्हतं.

तिपेडी जमायला आठवडा गेला. डावखुरा असल्याने माझी वेणी उलटी वळायची, ती आरशात बघून हसायची. गुंतवळ बोटाला गुंडाळून त्याची गोळी करून टाकायची, हेही शिकलो. रात्री मुलं झोपली की दहा मिनिटं ती पुढे बसायची, मी मागे. समोरासमोर जे आम्ही कधी बोललो नसतो ते त्या दहा मिनिटांत बोललो. तिच्या नोकरीतली कटकट, माझ्या भावाशी झालेला वाद. तोंडं दिसत नसली की बरं बोलता येतं.

प्लॅस्टर निघालं. महिनाभराने ती केस कापून आली, मानेपर्यंत. म्हणाली, "तुझे हाल बघवले नाहीत." मी म्हटलं छान दिसतात. खरंच छान दिसत होते. पण त्या रात्री मुलं झोपल्यावर मी उगाच फणी शोधत होतो.

तिला हे अजून सांगितलेलं नाही.

खडूस_काका

सांगा हो. आज रात्री सांगा.

तिरकस

मला या धाग्यावर टोमणे मारायचे होते. तुम्ही लोक वातावरण बिघडवताय.

शून्यप्रहर

डावखुरा, तुमचा अनुभव कुठल्याच पाहणीत बसत नाही, आणि मला तो सगळ्यांत पटला.

कात्री

रानजाई, विचारायचं राहिलं. त्या १४ इंचांचं काय केलंत? कॅन्सरच्या रुग्णांसाठी टोप करणाऱ्या संस्था केस घेतात, बहुतेक ठिकाणी किमान १२ इंच लागतात. पण दोन्ही टोकं रबराने बांधून ठेवलेली हवीत, मुळं एकीकडे आणि टोकं एकीकडे. उलटसुलट झाले तर खवले एकमेकांत अडकून नुसता गुंता होतो.

रानजाई

बांधूनच दिलेत पार्लरवालीने. कपाटात पिशवीत आहेत. द्यायचे ठरवलंय, अजून पाठवले नाहीत.

रानजाई (दीड महिन्यानंतर)

बऱ्याच जणींनी विचारलं म्हणून पुढचं लिहिते.

नवऱ्याचा रुसवा दहाव्या दिवशी गेला. काही चर्चा वगैरे झाली नाही. रविवारी सकाळी साडेनवाला मी तयार होऊन बसले होते, एरवी दुपारपर्यंत केस वाळायची वाट बघत असते. आम्ही चौघं सिंहगडावर जाऊन, पिठलं-भाकरी खाऊन दोनच्या आत घरी. येताना म्हणाला, "रविवार एवढा मोठा असतो होय." आणि परवा न्हाणीघराची जाळी उघडून बघत होता, दर महिन्याला काढायचा तो गोळा निघालाच नाही.

गंमत वेगळीच झाली. सासूबाई मधेच एकदा हळू आवाजात म्हणाल्या, "त्या वेणीचं काय केलंस गं?" म्हटलं, कपाटात आहे. तर म्हणाल्या, "पुतण्याचं लग्न आहे साताऱ्याला. माझा आंबाडा बघ, लिंबाएवढा राहिलाय." त्या ६९ वर्षांच्या. एके काळी त्यांचाही शेपटा होता, फोटोत दिसतो. त्या लहान असताना त्यांची आजी गुंतवळ फडक्यात साठवून त्याचं गंगावन करून घ्यायची म्हणे.

संस्थेला द्यायचे की सासूबाईंना, मी दोन दिवस विचार केला. मग कात्रीने व्यक्तिगत निरोपात गंगावन करणाऱ्या मावशींचा पत्ता दिला (आभार गं!), तिथे दिले. फार सुबक झालं, वर काळा गोंडा बांधून.

काल लग्न होतं. सासूबाईंनी मोठा आंबाडा घातला, भोवती अबोलीचा गजरा. कार्यालयात शिरता शिरता नवरा म्हणाला, "आई, आज आंबाडा काय मस्त दिसतोय!"

सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुला आवडणारच."

त्याला अजून कळलेलं नाही. मावशीपण आली होती, ती वेणी ओढून बघणारी. तिला आम्ही जेवणाच्या पंगतीत लांब बसवली.